तूप गटाची सहावी जागा

"दार उघडा. आतून कडी कोणी लावली? उघडा म्हणतो ना, नाहीतर दार उपटून एकेकाच्या हातात देईन."

हे आमचे हेडसर. त्यांच्या आवाजानं शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती पांझरा नदी ओलांडून पार पलीकडे जाऊन बसली, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून परतलेली नाहीत. एप्रिल संपत आला होता. सकाळची शाळा सुटून अर्धा तास झालेला, बारा वाजत आलेले. आमची शाळा धुळ्यातल्या देवपूरच्याही पुढे, जिथं घरं संपतात आणि कापसाची मोकळी रानं लागतात तिथं. ऊन असं होतं की झेंड्याच्या खांबाची सावलीसुद्धा घाबरून खांबालाच चिकटली होती.

प्रयोगशाळेचं दार बंद होतं. खिडक्यांना आतून ओली गोणपाटं लावलेली दिसत होती. दाराखालून पाण्याचा एक बारीक ओघळ व्हरांड्यात आला होता. मी चपलेतून पाय काढून अंगठा लावला आणि तीन हात मागं उडालो. पाणी हाडापर्यंत गार होतं. धुळ्यात, एप्रिलात, भर बाराला.

आत बोलणं नव्हतं, हसणं नव्हतं, रडणंही नव्हतं. नुसती एक घुमारी होती. गावाबाहेरच्या विजेच्या डीपीजवळ उभं राहिलं की जी कानात न शिरता दातात शिरते, तशी.

हेडसर वळले. व्हरांड्याच्या खांबापाशी विज्ञानाचे सर उभे होते, अंगात हाफ स्वेटर, वरच्या बटणापर्यंत लावलेला. हेडसरांनी त्यांना विचारलं की तुमच्या वर्गातली पाच पोरं शाळा सुटल्यावर कडी लावून आत काय करताहेत.

सर म्हणाले, "गटात विचारा."

हे दोन शब्द नऊ वर्षांत मी त्यांच्या तोंडून नऊ लाख वेळा ऐकले असतील. कमी धरतोय. किती वाजले विचारलं तरी गटात विचारा. चहा घेणार का, गटात विचारा. त्यांच्या लग्नाची गोष्ट शाळेत सगळ्यांना पाठ होती. मुलगी बघायला गेले, वडीलधाऱ्यांनी विचारलं पसंत आहे का, तर हे म्हणाले गटात विचारा. लोकांना वाटलं पोरगा किती आज्ञाधारक, आणि तिथंच सुपारी फुटली. नदीपलीकडे, जुन्या धुळ्यात राहायचे. रोज पुलावरून सायकल घेऊन जायचे-यायचे, पण सायकलवर बसलेले त्यांना कुणी बघितलं नाही. सायकल शेजारी, हे शेजारी, दोघं आपले चालताहेत. सायकलवर का बसत नाही हे मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं. त्या म्हणाल्या, मी पंचवीस वर्षं विचारतेय, तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर. प्रयोगशाळेतला, लांब दांडीचा. चहाच्या कपात बुडवायचे, वाचायचे, वाट बघायचे, पुन्हा वाचायचे. त्यांच्या मनातला आकडा आला की एका घोटात कप रिकामा. तो आकडा कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्या शाळेत भूगोल शिकवायचो. माझा वर्ग त्यांच्या भिंतीला भिंत लावून. माझ्या वर्गात ज्वालामुखी फुटायचे, नद्यांना पूर यायचे, दोनदा तर माझ्याच आवाजानं नकाशा खाली पडला. आणि भिंतीपलीकडे बेचाळीस पोरं असून एक आवाज नाही. पहिले सहा महिने मला वाटायचं, शेजारची खोली रिकामी आहे.

त्यांची शिकवायची तऱ्हा अशी. जूनच्या पहिल्या दिवशी सातवीच्या बेचाळीस पोरांचे सात गट करायचे, सहा-सहाचे. गटांना नावं: मीठ, साखर, गूळ, मेण, बर्फ, कापूर आणि तूप. एकदा झालेला गट वर्षभर मोडायचा नाही. मग 'पदार्थाच्या अवस्था' हा धडा भाकरीसारखा तोडून सहा जणांत वाटायचा. एकानं कण शिकायचे, एकानं कणांमधली जागा, एकानं त्यांची ओढ, एकानं उष्णता, असं. प्रत्येकानं आपला तुकडा उरलेल्या पाचांना शिकवायचा. सर स्वतः काही सांगत नसत. शेवटी एकच प्रश्न विचारायचे, आणि तो गटातल्या सगळ्यात कच्च्या पोराला. त्याला आलं तर गट सुटला. नाही आलं तर सहाही जण अडकले. "एक अडला की गट अडला," एवढंच एक वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मी तिथं गेलो त्याच्या आधीपासून ते होतं आणि कुणी पुसलेलं नव्हतं.

तूप गटात भूषण नावाचा एक पोरगा होता. पाणी उकळताना त्याचं तापमान वाढायचं का थांबतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. तर बाकीचे पाच जण दप्तरं घेऊन त्याच्या घरी राहायला गेले. चार दिवस. भूषणची आई पाच जणांच्या जास्तीच्या भाकरी थापत होती आणि ही सहा पोरं चुलीभोवती बसून पातेल्यात बघत होती. पाचव्या दिवशी भूषणला कळलं. गॅस असताना त्या माउलीला चार दिवस चूल का पेटवायला लावली हे मात्र तिला कळलं नाही.

मैदानावरचा त्यांचा तास बघायला मी माझा वर्ग सोडून जायचो. बेचाळीस पोरं डोळे मिटून उभी. सर मधोमध, हात वर, हातात थर्मामीटर. शिट्टी नाही, हाक नाही. थर्मामीटर खाली आला की पोरं एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून घट्ट उभी राहायची आणि जागच्या जागी थरथरायची. हा स्थायू. थरथरताना ओठ मिटून घुमायची. थर्मामीटर थोडा वर, की कोपरं सुटायची, हातात हात, एकमेकांना घसटत सरकायची. द्रव. अजून वर, की हात सोडून मैदानभर. वायू. डोळे मिटलेलेच. मिटल्या डोळ्यांना थर्मामीटर दिसतो कसा, हे मला विचारू नका. आणि कुणी कुणावर आपटायचं नाही. एकदा मैदानात एक कुत्रं झोपलेलं होतं. बेचाळीस पोरं त्याच्या कानाजवळून पळाली आणि त्याची झोप मोडली नाही. कुत्र्याला मी स्वतः जाऊन हलवलं, मेलं की काय बघायला. ते जांभई देऊन पुन्हा झोपलं.

पहिल्यांदा मी हसायचो. मग हसू कमी झालं. मीठ गटातल्या एका पोराला भूगोलाच्या तासाला मी विचारलं, मोसमी वारे कुठल्या दिशेनं येतात. त्याला येईना. त्याच वेळी त्याच्याच गटातली एक मुलगी बाहेर, मैदानाच्या त्या टोकाला, टाकीवर पाणी पीत होती. माझा आवाज मोठा खरा, पण प्रश्न मी अगदी हळू विचारला होता. ती ओंजळ खाली करून, माझ्याकडे न बघता, टाकीपासून म्हणाली, "नैर्ऋत्येकडून, सर." वाऱ्यानं आवाज गेला असेल अशी मी माझी समजूत घातली. वारा नव्हता.

सर स्वतःहून एकच गोष्ट बोलायचे, वर्षातून एकदा, डिसेंबरात. तूप गटातलं कुणीतरी घरून डबीत तूप आणायचं, मी सांगतोय त्या वर्षी साक्षीनं आणलं होतं. ते थंडीत थिजलेलं असायचं. डबी खिडकीत ठेवून द्यायची आणि मार्चमध्ये ते पातळ झालेलं सगळ्यांना दाखवायचं. सर डबी हातात धरून म्हणायचे, "अवस्था बदलते. पदार्थ कुठे जात नाही." म्हणायचे अशा सुरात की ऐकणाऱ्याच्या मानेवरचे केस उभे राहावेत. बास. मग पुढच्या डिसेंबरपर्यंत गटात विचारा.

साक्षीची आई शाळेतच होती. पोरांची खिचडी शिजवायची. तिला सगळे अक्का म्हणायचे, हेडसरसुद्धा. त्या एप्रिलच्या सुरुवातीला साक्षी मामाच्या लग्नाला जळगावला गेली. भर दुपारी वरात निघाली. नवरदेवाची भाची, ती नाचणारच. संध्याकाळी ताप चढला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिकडेच गेली. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले.

आता पुढचं ऐका. त्याच दुपारी इकडे तूप गटातल्या पाचही जणांना ऊन लागलं. पाच वेगवेगळ्या घरांत, पंख्याखाली बसलेले असताना. एकाला उलट्या, एकीला चक्कर, भूषणचं कपाळ तव्यासारखं. अजून बातमी कुणापर्यंत आलेली नव्हती. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायचं असतं तर बेचाळीस सांगितले असते.

तेरावं झाल्यावर अक्का कामावर आली. खिचडी ढवळायची, वाढायची, ताटल्या मोजून घ्यायची. मोजताना एका जागी थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आणि मैदानावर तूप गट उभा राहायचा तो पाचाचा नाही, सहाचा. एक जागा मोकळी. तिच्या अलीकडे दिव्या, पलीकडे भूषण. दोघांचे हात त्या मोकळ्या जागेकडे पुढे केलेले, बोटं अशी वळलेली की जणू त्यात कुणाची तरी बोटं आहेत. मी सरांना म्हणालो, पाचाचा गट करून टाका, बघवत नाही. गटात विचारा, म्हणाले.

मग मी खरंच गटात विचारलं. बोलला भूषण. ज्याला एक गोष्ट कळायला चार दिवस आणि वीस भाकरी लागल्या होत्या, तो मला समजावल्यासारखं बोलला. साक्षी गेली नाही, सर. तिला फार उष्णता मिळाली, म्हणून ती वायू झाली. वायू दिसत नाही, पण असतो. जेवढी खोली तेवढ्या खोलीत असतो. थंड केलं की परत येतो.

मी सातवीचं विज्ञानाचं पुस्तक काढून ताडून बघितलं. त्याच्या म्हणण्यात एकही चूक नव्हती. पुस्तकातलं सगळं बरोबर होतं.

सरांना जाऊन सांगितलं. म्हटलं, पोरं काय समजून बसलीत बघा, त्यांना सांगा. त्यांनी खिशातला थर्मामीटर काढला, बघितला, परत ठेवला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या माणसाला उत्तर येत नाही असं नाही, याला उत्तर द्यायचं भय वाटतं.

दिव्याच्या बापाची बस स्टँडजवळ रसवंती होती. बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून त्याच्याकडे येत. त्यातल्या दोन लाद्या त्या सकाळी कुठे गेल्या, हे त्याला दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

तर त्या दुपारी हेडसरांनी दाराला खांदा दिला. तिसऱ्या धक्क्याला कडी निसटली आणि आम्ही आत पडलो.

अंधार होता. आणि थंडी अशी की मी बोलायला तोंड उघडलं तर तोंडातून वाफ निघाली. धुळ्याच्या उन्हाळ्यात माझी स्वतःची वाफ मी पहिल्यांदा बघितली. लाकडी बाकं मोडली म्हणून सरांनी तिथं कडाप्प्याच्या फरशा विटांवर टाकून बसायला केल्या होत्या, दोन-दोन समोरासमोर, एकेकीवर तीन पोरं. तूप गटाच्या फरशांखाली बर्फाच्या लाद्या सरकवलेल्या होत्या. मध्ये घमेल्यात फोडलेला बर्फ. पाच पोरं डोळे मिटून, हात धरून बसली होती. ओठ जांभळे. सगळी एका लयीत थरथरत होती आणि घुमत होती. समोरच्या फरशीवर तिघं. अलीकडच्या फरशीवर कडेला दिव्या, कडेला भूषण, मध्ये मोकळी जागा. दोघांची बोटं त्या जागेकडे वळलेली.

त्या मोकळ्या जागी, दगडावर, पाणी जमलं होतं. थेंबाला थेंब लागून. सातवीतली मुलगी बसेल एवढ्याच जागेत. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही, समोरच्या फरशीवर एक थेंब नाही.

दिव्या डोळे न उघडता म्हणाली, "सर, द्रवापर्यंत आली. अजून थोडा बर्फ लागेल."

 हेडसरांनी टेबलावरचं फडकं उचललं आणि वाकले. पाचही पोरांची घुमारी एकदम चढली. माझ्या दातांतून ती डोक्यात गेली. हेडसरांचा हात फडक्यासकट तिथंच हवेत राहिला. नंतर त्यांनी मला सांगितलं की खांदा आखडला होता. असेल.

मागून खिचडीचा वास आला. दारात अक्का उभी होती. तिनं ऐकलं होतं. पोरांकडे तिनं बघितलंच नाही. ती दगडावरच्या पाण्याकडे बघत होती, भूक लागलेलं माणूस ताटाकडे बघतं तशी. मग सरांकडे वळली.

"सर, खरं शे का? येई का ती परत?"

पाचही पोरांचे डोळे उघडले. सगळी सरांकडे बघत होती. मी त्यांच्या शेजारी होतो. मला दिसलं, त्यांचे ओठ नेहमीच्या शब्दांसाठी उघडले, 'ग' म्हणायला जीभ मागे गेली, आणि तिथंच अडकली. कारण विचारत होता तो गटच होता, आणि अक्का त्यात धरलेली होती. एक 'हो' म्हटलं असतं तर ती बाई त्या दगडापाशी जन्मभर बसली असती. बर्फ पुरवायला पाच पोरं होतीच.

"नाही, अक्का," सर म्हणाले. "येणार नाही. हे नुसतं पाणी आहे."

भूषण म्हणाला, "पण पदार्थ कुठे जात नाही ना, सर?"

"ती पदार्थ नव्हती. हे मी आधी सांगायला पाहिजे होतं."

"मग काय होती?"

 तीस वर्षांत कुणाला सरळ उत्तर न दिलेला माणूस. म्हाताऱ्या हातांनी गाठ सोडावी तसे शब्द सोडत होते.

"साक्षी होती," ते म्हणाले.

घुमारी थांबली. ती थांबल्यावर मला कळलं की ती इतका वेळ चालू होती. बर्फ वितळून टपकत होता, तेवढाच आवाज.

हेडसर पुन्हा फडकं घेऊन पुढे झाले तसं अक्कानं त्यांना हातानं बाजूला केलं. ज्यांच्यासमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, त्यांना.

"मन्ही पोर शे ती," म्हणाली. "मंग मीच पुसस."

तिनं पदराचं टोक घेतलं आणि दगड पुसला. पुसला म्हणजे, जत्रेतून आलेल्या पोराचं तोंड पुसतात तसा. कडेनं, मग मधून, मग पुन्हा कडेनं. कोरडा झाल्यावरही थोडा वेळ पुसत राहिली. दिव्याची बोटं सरळ झाली. मग भूषणची. मग समोरच्या तिघांनी हात सोडले. सगळ्यात आधी भूषण रडला, मग बाकीचे, प्रत्येक जण वेगवेगळं. त्या गटाला काही वेगवेगळं करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. उघड्या दारातून ऊन आत आलं आणि दहा मिनिटांत ती खोली पुन्हा धुळ्यातली झाली.

मी गोष्टी फुगवणारा माणूस आहे, हे माझी बायकोही सांगेल. पण ही गोष्ट मला उलटीकडून छळत होती. हिला कितीही लहान करून बघितलं तरी एक जागा लहान होईना. सगळ्या खोलीत थंडी एकसारखी. दोन्ही फरशांखाली बर्फ सारखाच. मग पाणी तेवढ्याच जागेत का? चार रात्री मला झोप नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी पुलावर सरांना गाठलं. सायकल शेजारी होतीच. पांझरेत पाणी नव्हतं, नुसते गोटे तापत पडले होते. मी विचारलं. मनात म्हटलं, आता म्हणा, गटात विचारा म्हणा, मी तुमची सायकल नदीत फेकतो.

सर थांबले. सायकल कठड्याला टेकवली.

"बाकीच्या पाच जागा अंगाच्या उबेनं गरम झाल्या होत्या," ते म्हणाले. "हवेतल्या वाफेचं पाणी फक्त गार दगडावर झालं. तिथे कोणी बसलेलं नव्हतं."